मॅकरोनी आणि दूध चौकशी समिती

आईशी मी शेवटचं खोटं बोललो ते दहावीत असताना. गणिताच्या क्लासला जातो सांगून क्रिकेट खेळायला गेलो होतो, आणि ते उघडकीला आल्यावर आईने माझा जो समाचार घेतला त्यानंतर पंचेचाळीस वर्षं मला खोटं बोलायची गरजच वाटली नाही. आता माझं वय एकसष्ट. रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो, पोटावरून माणसं मला प्रतिष्ठित समजतात, सोसायटीत 'महेंद्रराव' म्हणतात. आणि या वयात मी आईशी परत खोटं बोललो. कशासाठी? तर चीजसाठी.

याची सुरुवात ठाण्यात, माजिवड्याला झाली. आमची मुलगी संचिता तिथे एकोणिसाव्या मजल्यावर राहते. त्या रविवारी तिने मॅकरोनी चीज नावाचा पदार्थ केला होता. केला म्हणजे काय, पाकीट फोडलं, नळ्या उकडल्या, वरून एक पुडी टाकली. त्या पुडीतली भगवी भुकटी दुधात पडली आणि बघता बघता तिचं चीज झालं. मी आयुष्यभर रंगाच्या भुकट्या कशात तरी कालवत आलोय. त्यामुळे माझा घास तसाच राहिला आणि मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायला लागलो.

"बाबा, जेवताना नका वाचू," आमचे जावई संदेश म्हणाले, "वाचलं की पचत नाही."

"अहो, या भुकटीत दूध कुठं आहे? एकवीस घटक आहेत. त्यातले सहा आम्ही कारखान्यात वापरायचो!"

"मग सवयीचेच आहेत की," संचिता म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला दोन गोष्टी सहन होत नाहीत. एक म्हणजे उत्तर न मिळालेला प्रश्न आणि दुसरी म्हणजे जावयासमोर झालेली थट्टा. मी चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं, की पुढच्या रविवारी तुम्ही दोघं कल्याणला जेवायला या, मी घरी मॅकरोनी चीज करतो. मैदा नाही, रंग नाही, भुकटी नाही. पौष्टिक. आणि जिभेला कळेल असं तिखट.

"बाबा," संचिता अगदी मायेने म्हणाली, "तुम्हाला चहा येतो का?"

मला चहा येत नाही. पण तो मुद्दा नव्हता.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. माझी बायको विनिता म्हणाली, "काय करायचं ते करा, ओटा मला होता तसा परत द्या." एवढं बोलून तिने अंग काढून घेतलं. शेजारची मेघना आयटीत आहे आणि स्वयंपाक फोनवर बघते. ती म्हणाली, "काका, चीज कमी करायचंय ना? मग लाल भोपळा शिजवून त्याची पेस्ट टाका. कलर पण सेम येतो, कोणाला कळत पण नाही. मी रीलमध्ये बघितलेलं." हा सल्ला उत्तम होता. आमचे सेक्रेटरी साईनाथराव लिफ्टमध्ये भेटले. त्यांनी विचारलं, की पाइपच्या गॅसवर प्रयोग करायला सोसायटीच्या नियमात तरतूद आहे का ते तुम्ही पाहिलंय का? मी म्हटलं, स्वयंपाक करायला तरतूद लागते? ते म्हणाले, "स्वयंपाकाला नाही, प्रयोगाला लागू शकते. मी बघून सांगतो."

गव्हाच्या पिठाची मॅकरोनी मिळाली, भोपळा मिळाला. राहिलं चीज. तुम्ही म्हणाल, विकत आणायचं. पण विकतचं चीज आणून घरची मॅकरोनी केली म्हणणं म्हणजे परीक्षेत कॉपी करून नंबर सांगण्यासारखं आहे. आणि खरं सांगतो, मला जाणून घ्यायचं होतं. दूध नासवलं की पनीर होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पनीर वितळत नाही आणि चीज वितळतं. का? मी दोन दिवस जुन्या वह्या काढून बसलो. उत्तर सापडलं ते आमच्याच फडताळात होतं. लिंबाचा रस आणि खायचा सोडा. हे दोन्ही एकत्र केले की जो क्षार तयार होतो तो नासलेल्या दुधाच्या चोथ्याला वितळायला शिकवतो. मला इतका आनंद झाला की मी विनिताला झोपेतून उठवणार होतो, पण ती दुपारची झोप होती आणि मला जिवाची पर्वा आहे.

अडचण एकच होती. ती म्हणजे आई.

माझी आई हौसाबाई, वय चौऱ्याऐंशी. मूळची जुन्नरकडची. तिच्या राज्यात बाकी सगळ्याला माफी आहे, दुधाला नाही. दूध तापत असताना ती गॅसपाशी उभी राहते. त्या वेळी तिला कुणी हाक मारायची नाही. माझं लग्न ठरल्याचा निरोप घेऊन मामा आला होता, त्याला तिने दूध वर येईपर्यंत दारात उभं ठेवलं होतं. दूध उतू गेलं तर ती दिवसभर देवाजवळ पुटपुटते. आणि नासलं, तर मग घरात मोठ्याने बोलायचंही नाही. तो शब्दसुद्धा स्वयंपाकघरात काढायचा नाही, असा तिचा कायदा. विनिताने एकदा, लग्नानंतर नवीनच, घरी पनीर करू का विचारलं होतं. आई म्हणाली, "विकत मिळतं ना? मग ज्याला पाप करायचंय तो दुकानदार करेल." तेव्हापासून आमच्याकडे पनीर दुकानदाराच्या पापाचंच येतं.

पण नशीब माझ्या बाजूला होतं. आईला तिच्या बहिणीची, म्हणजे सखुबाई मावशीची आठवण आली. मावशी ठाण्यात टेंभी नाक्याला राहते. बुधवारी संदेश गाडी घेऊन आले आणि आईला मावशीकडे सोडून गेले. ती शुक्रवारी संध्याकाळी परत येणार होती. गुरुवार माझा होता. या दोघी बहिणी एका छपराखाली चोवीस तासांपेक्षा जास्त कधीच टिकलेल्या नाहीत हे मला माहीत होतं. पण माणूस प्रयोगाच्या नादात असला की निरीक्षणं विसरतो.

गुरुवारी सकाळी काळुराम आला. काळुराम म्हणजे आमचा दूधवाला. आंबिवलीच्या पलीकडे त्याच्या स्वतःच्या म्हशी आहेत. आम्ही चाळीत राहायचो तेव्हापासून आधी त्याचा बाप आणि मग तो, असं हे दूध आमच्याकडे येतंय. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन, आणि माप झाल्यावर वर एक धार. ती धार त्याने कधी चुकवली नाही. आमच्या सोसायटीत त्याची तेवीस घरं.

"आज चार लिटर जास्त दे," मी म्हटलं.

"काय हाय, साहेब? आजींची पूजा?"

"नाही रे. आहे एक काम."

त्याने चार मापं घातली, वर धार घातली, आणि गेला.

पहिले दोन लिटर वाया गेले. मी दूध खळखळून उकळलं आणि लिंबू पिळलं. त्याचा जो गोळा झाला तो दाताखाली चुईचुई वाजत होता. आचेवर ठेवला तर वितळायचं नाव नाही, उलट आणखी घट्ट झाला. पण चुकलेल्या प्रयोगाने मी खचत नाही, उलट मला चेव येतो. दुसरे दोन लिटर मी कोमटच ठेवले, दहा आकडे मोजेपर्यंत बोट बुडवून ठेवता येईल एवढे. लिंबाचा रस थेंबाथेंबाने घातला. अंग काढून घेतलेली विनिता आधी दारात आली, मग माझ्या खांद्यामागे आली, आणि मग तिने माझ्या हातातून चमचा घेतला. "अहो, असं घुसळू नका. बाळाला हलवतात तसं हलवा." दुधाचे मऊ पुंजके झाले. ते मलमलच्या फडक्यात घालून नळाला टांगले, पिळले, कढईत घेतले आणि त्यात लिंबू-सोड्याचं ते पाणी घातलं. ते फसफसलं, शांत झालं, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर तो सगळा चोथा विरघळून चकचकीत, गुळगुळीत, लोण्यासारखा झाला. विनिताने चमचा वर उचलला तर तार निघाली. ती वर वर नेत राहिली, तरी तार तुटेना.

"अगंबाई!" विनिता म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीवर तिने "अगंबाई" म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणि तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं. आईकडे किल्ली असते.

ती पिशवी हातात घेऊन सरळ स्वयंपाकघरात आली. मावशीशी टीव्हीच्या आवाजावरून वाजलं होतं आणि ती रिक्षा करून, ठाण्याहून कल्याणपर्यंत, एकटी आली होती. तिने ओट्याकडे पाहिलं. दोन पातेली भरून हिरवट पाणी. नळाला फडकं. चुईचुई वाजणारा गोळा. विनिताने लिंबाची अकरा सालं पदराखाली कधी घेतली मला कळलं नाही, पण कढई तिने झाकली होती.

"काय रे हे?" आई म्हणाली.

मी एकसष्ट वर्षांचा आहे. नातेवाइकांत मला मान आहे. मी सांगू शकत होतो, की आई, प्रयोग करतोय. पण आईने डोळे बारीक केले आणि मी दहावीत गेलो.

"नासलं, आई. दूधच खराब होतं."

पहिल्या वाक्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. हे दुसरं वाक्य कुठून आलं मला अजून कळलेलं नाही.

"काळुरामचं? काळुरामचं दूध नासलं?" आई खुर्चीवर बसली. "आणि एवढं कशाला घेतलं होतंस?"

"खीर... तू उद्या येणार म्हणून."

"माझ्यासाठी?" तिचे डोळे भरून आले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. विनिता पदराखाली सालं धरून माझ्याकडे जी बघत होती, ती नजर मी या जन्मी विसरणार नाही.

आई पाच मिनिटं बसली. मग उठून बाहेर गेली आणि मेघनाची बेल वाजवली. तिने फक्त एवढंच विचारलं, "तुमचं दूध चांगलं आहे ना गं? आमचं नासलं." तिच्या मनात काही नव्हतं, फक्त शेजारणीची काळजी. मेघनाने पातेलं उघडून वास घेतला, आणि माणूस मुद्दाम वास घ्यायला लागला की वास येतोच. तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "काळुरामकाकांच्या दुधाला कोणाला स्मेल येतोय का?" तासाभरात नऊ घरांना वास आला. चार घरांना चव वेगळी लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी लिहिलं, की त्यांचा चहा महिनाभर बिघडतोय. ते पिशवीचं दूध घेतात. ते कुणी लक्षात घेतलं नाही.

संध्याकाळी साईनाथराव फाइल घेऊन आले. ते म्हणाले, हा सभासदांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, व्यवस्थापक समितीने त्रिसदस्यीय दूध चौकशी समिती नेमली आहे. "आणि महेंद्रराव, आपल्या सोसायटीत केमिस्ट एकच. तुम्ही अध्यक्ष."

मी म्हटलं, माझी प्रकृती बरी नसते. माझ्या मागून आई म्हणाली, "तो करेल. माझा मुलगा खरं-खोटं बाहेर काढल्याशिवाय राहत नाही."

अशा रीतीने, ज्या गुन्ह्याचा आरोपी मी, त्याच गुन्ह्याच्या चौकशीचा अध्यक्षही मीच झालो. निवृत्तीनंतर मला मिळालेलं हे पहिलंच पद.

साईनाथरावांनी मुद्देमाल मागितला. मुद्देमालाचं चीज होऊन ते फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे बसलं होतं. मी पातेल्यातलं हिरवट पाणी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून दिलं. साईनाथरावांनी तिला लाख लावली, चिठ्ठी डकवली, तीन सह्या घेतल्या आणि बाटली मलाच परत दिली. "उद्या तुम्ही हे तपासणीच्या कचेरीत जमा करा. अध्यक्षांनीच जायला हवं. आणि निकाल येईपर्यंत काळुरामचं दूध बंद, असा ठराव झालाय."

"बंद? सगळ्यांचं?"

"तेवीसच्या तेवीस घरांचं."

 मला वाटलं होतं हे सगळं माझ्या आणि आईच्या मधे राहील, फार तर मेघनापर्यंत जाईल. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, पण आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी तोंड मिटलं. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी सकाळी काळुरामने बेल वाजवली. आईने दार उघडलं आणि ती "आज नको" म्हणाली.

"आजी, काय चुकलं माझं?"

 तिने दार लावलं आणि बराच वेळ दाराला हात लावून उभी राहिली. त्या दिवसापासून ती कोरा चहा प्यायला लागली. पिशवीचं दूध आणतो म्हटलं तर म्हणाली, "नको. त्याच्या बापाच्या हातचं दूध पाजून मी तुला वाढवलं. असा कसा चुकला रे तो?" मी पंख्याकडे बघत बसलो.

मग बाटली घेऊन कचेरीत गेलो. तिथे खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"हे दूध आहे?"

"होतं," मी म्हटलं.

"आमच्या फॉर्मवर 'होतं' असा रकाना नाही. दुधाचा नमुना वेगळा, पदार्थाचा वेगळा. हे काय आहे?"

"नासलेल्या दुधाचं पाणी."

त्यांनी लाख फोडली, बूच काढलं, वास घेतला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काका, यात लिंबू पिळलंय."

मी खिडकीवर चिकटवलेली सूचना वाचायला लागलो.

"पनीर केलंत ना? छान झालंय, पाणी स्वच्छ सुटलंय. हे फेकू नका, यात कणीक मळा, पोळ्या मऊ होतात." त्यांनी बूच लावून बाटली परत दिली. "तक्रार कोणाची म्हणालात?"

"कोणाची नाही," मी म्हटलं आणि मागे न बघता निघालो. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला मी, आणि माझं पितळ एका वासात उघडं पडलं होतं. साईनाथरावांना मी एवढंच सांगितलं, की नमुना स्वीकारला नाही. ते खूश झाले. चौकशी लांबणार होती.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि पहिल्या रांगेत आई होती. काळुरामला बोलावलं होतं. तो बायकोला, मीराबाईला घेऊन आला होता, आणि कोरा करकरीत कॅन हातात घेऊन उभा होता. साईनाथरावांनी ठराव वाचला आणि त्याला म्हणाले, "तुमचं म्हणणं मांडा."

काळुरामला म्हणणं मांडायची सवय नव्हती. त्याने कॅन खाली ठेवला. "जुने कॅन भंगारात टाकले. यो नवीन आणला. गोठा धुतला, म्हशी डाक्टरला दाखवल्या, त्यांना काय नाय झाला. मना समजत नाय काय चुकला ते." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "पन साहेब रसायनवाले हायत. साहेब बोलले नासला, तं नासलाच आसंल. ते कशाला खोटा बोलतील?"

त्याला माहीत होतं, की मी त्या दिवशी चार लिटर जास्त घेतलं होतं. ते त्याने सांगितलं असतं तर कुणीतरी प्रश्न विचारला असता. पण त्याच्या डोक्यात तो विचारच आला नव्हता. उलट मी बोललो म्हणून तो स्वतःच्या म्हशींवर संशय घेत होता.

मी उठलो. साईनाथरावांना वाटलं अहवाल वाचतोय, त्यांनी माइक पुढे केला. त्यामुळे पुढचं सगळं माइकवर झालं.

"दूध चांगलं होतं," मी म्हटलं. "ते नासलं नाही. मी नासवलं. अकरा लिंबं पिळून. मला चीज करायचं होतं, मॅकरोनीसाठी. आईला आवडणार नाही म्हणून मी तिला खोटंच सांगितलं. काळुरामचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

 मग तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "पण मग आमचा चहा?" त्यांना बाजूच्यांनी खाली बसवलं. साईनाथराव पेन हातात धरून मला हळूच विचारत होते, "अध्यक्ष, हे इतिवृत्तात कसं लिहू?"

मी आईकडे बघत होतो. ती काठी टेकत उठली.

"आई, चुकलो."

"माझं नंतर बघू. आधी त्याची माफी माग."

मी काळुरामसमोर हात जोडले. तो दोन पावलं मागे सरला आणि "साहेब, असा नका करू" म्हणायला लागला. पण मीराबाई पुढे आली. ती माफ करायच्या बेतात नव्हती, आणि का असावी? "दोन दिस यो धड जेवला नाय," ती म्हणाली. "म्हशीला हात लावायला घाबरत व्हता. आनि तुमी खेळत बसलाव?"

"चुकलं माझं, ताई."

तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तिच्या कपाळावरची आठी थोडी हलली. "पन मंग झाला का ते? चीज?"

"झालं."

"आमच्या म्हशीच्या दुधाचा?" काळुराम म्हणाला.

"तार निघते," विनिता मागून म्हणाली. "इतकी लांब." तिने हात वर करून दाखवलं, आणि सभा संपल्याचं जाहीर न होताच सगळे उठून तिच्याभोवती जमले. प्रत्येकाला चीजबद्दल काहीतरी विचारायचं होतं.

आईने काठी आपटली. "काळुराम, उद्या सकाळचं सगळं दूध इकडे आण. ज्यांनी ज्यांनी दूध बंद केलं ते सगळे उद्या इथेच जेवतील. आणि हा करेल." 'हा' म्हणजे मी.

रविवारी सकाळी गणपतीच्या प्रसादाचं मोठं पातेलं खाली आलं. पार्किंगमध्ये शेगडी पेटली. साईनाथरावांनी प्रयोगाची तरतूद शोधून आणली होती. सेक्रेटरीची परवानगी लागते, आणि ती त्यांनी स्वतःला लिहून दिली होती. काळुरामने बावीस लिटर ओतलं. वर धार घातली. मेघना भोपळा शिजवत होती. संचिता आणि संदेश आले ते मी पंगतीत आमटी वाढायच्या डावाएवढा चमचा घेऊन घामाघूम उभा होतो तेव्हा. संचिताने मला विचारलं, "बाबा, पाच माणसांचा बेत होता ना?"

दूध कोमट झालं. मी लिंबू कापलं. आई खुर्ची टाकून शेजारी बसली होती, तोंड घट्ट मिटलेलं.  एवढं सगळं होऊनही तिच्या डोळ्यांदेखत दूध नासवायचं धैर्य मला होईना.

"आई, तू वर जातेस का?"

आई उठली. माझ्या हातातून अर्धं लिंबू घेतलं. पातेल्यावर वाकली.

"जन्मभर या दुधापाशी उभी राहिले," ती म्हणाली, "ते नासू नये म्हणून. आणि नासताना कसं दिसतं, ते एकदाही बघितलं नाही. आपलं आपण नासायचं तेव्हा मी डोळे मिटून ओतून द्यायची."

तिने लिंबू पिळलं. पांढऱ्या दुधात बारीक भेग पडल्यासारखं झालं, मग दुसरी, मग मऊ मऊ ढगासारखे पुंजके वर यायला लागले आणि खालून पाणी हिरवं होत गेलं. आईचं तोंड उघडं राहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पातेल्याच्या काठाला नाक लावून उभी होती, आणि तिच्या मागे अख्खी सोसायटी माना उंचावून बघत होती.

"अगं बाई गं!" आई म्हणाली. "महेंद्रा, अजून एक लिंबू दे."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण तिखटाचं श्रेय माझं नाही. मी चमच्याने मोजून मिरची घालत होतो. मीराबाईने मला बाजूला सारलं, पिशवीतून घरच्या मसाल्याचा डबा काढला आणि मुठीने घातला. संदेशना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तशा डोळ्यांनी त्यांनी ताट परत पुढे केलं. भोपळा कुणालाही कळला नाही. गव्हाची मॅकरोनी थोडी जास्त शिजली, ते संचिताला कळलं, पण तिने फक्त "आता चहाही शिका" एवढंच म्हटलं. काळुरामने पहिला घास घेतला, तार ओढून बघितली, पुन्हा ओढली, आणि बराच वेळ विचार करून म्हणाला, "भाकरीसंगं चालंल."

सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळेला बेल वाजली. मी उठेपर्यंत आई दारात पोचली होती. समोर मेघनाचं दार उघडं होतं, जिन्यात साईनाथराव पेपर घेत होते.

"आजी, तुमचा एक लिटर," काळुराम म्हणाला.

"आज दोन दे."

"काय हाय, आजी? पूजा?"

आईने भांडं पुढे धरलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "छे रे. नासवायचंय."

काळुरामने दोन मापं घातली, आणि वर एक धार.